होम प्लेटमागचे बूट

ज्येष्ठ पंच खुशाल सरांचा फोन आला तेव्हा प्रेरणा मेश्राम कामठ्याच्या शाळेत मुलांची प्रार्थनेची रांग लावत होती. शनिवारी गोंदियात जिल्ह्याच्या शालेय बेसबॉल स्पर्धा होत्या, आणि मुलींच्या पहिल्या सामन्यात होम प्लेटमागे, म्हणजे अगदी कॅचरच्या पाठीशी, पंच म्हणून तिला उभं राहायचं होतं. तिने हो म्हटलं.

मागच्या वर्षी त्याच जागी ती पडली होती. धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलं होतं आणि माती धानाच्या बांधीतल्या चिखलासारखी चिकण झाली होती. चेंडू बॅटला चाटून उंच उडाला. तो झेलायला कॅचर रुची गर्रकन वळली, प्रेरणाने बाजूला व्हायला पाय टाकला आणि गुळगुळीत तळाचा काळा बूट सटकला. सगळ्या वजनानिशी ती रुचीच्या हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. तिला कोणीच काही बोललं नाही, रुचीची आईसुद्धा नाही. पण तेव्हापासून ओल्या फरशीवर ती भिंत धरून चालायची.

आणि यंदाही कॅचर रुचीच होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर प्रेरणा गोंदियाच्या बाजारात इंद्रकुमारच्या खेळसामानाच्या दुकानात गेली. त्याने लोखंडी खिळ्यांचे बूट पुढे केले आणि म्हणाला, "ये ले जाओ मॅडम, फिसलने का सवालच नाही." तिने एका खिळ्यावर बोट टेकवलं. हाच पाय पोरीच्या हातावर पडला तर? बूट तिने परत सरकवले. मग तळाला प्लास्टिकच्या खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट घालून पाहिले, तर दुकानाच्या फरशीवरच ती घसरता घसरता वाचली.

शेवटी तिने तिथूनच खुशाल सरांना फोन लावला. ते वीस वर्षं पंचगिरी करत होते.

"खिळे नोको," ते म्हणाले. "तुमच्या पायाजोळ पोरीचा हात राहते. बारीक रबरी दाण्याचा तळ पाहा, हॉकीवाले घालतेत तो. अन् समोरून कडक पायजे, चेंडू बोटावर बसते."

दाण्यांचा तळ मिळाला. पुढून कडक असलेला जोड मात्र नागपूरहून मागवावा लागेल, चार दिवस तरी लागतील, असं इंद्रकुमार म्हणाला. तेवढा वेळ नव्हता. तिने आहे तो घेतला.

शुक्रवारी पहाटे घरामागे बोअरिंगजवळ चिखल करून ती त्यात उभी राहिली. वाकायचं, उठायचं, वळायचं. पाय धरून राहत होता. मग एकदा बोटभर सरकला. तळ उलटा करून पाहिला, तर दाण्यांमध्ये माती गच्च भरलेली. तिने काडीने ती कोरून काढली. मग ताप आल्याचं सांगावं म्हणून सरांचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत फोन कापून टाकला.

शनिवारी सकाळी मैदानावर पाणी मारलेलंच होतं. रुची मुखवटा हातात घेऊन प्लेटपाशी आली. तिने आधी प्रेरणाच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"मॅडम, तुम्ही मागं उभ्या राहता त मले भेव लागते," ती म्हणाली.

प्रेरणाला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. "मलेही लागून राहिलं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "चेंडू मागं उडाला त कोण्या अंगानं वळशीन?"

रुचीने विचार केला. "डाव्या."

"मंग मी उजवीकडं सरकीन."

तिसऱ्या डावात चेंडू उडाला. रुची डावीकडे वळली. प्रेरणाने उजवा पाय टाकला, आणि त्या क्षणात तिला मागच्या वर्षीचा तो आवाज पुन्हा ऐकू आला. पण पाय रुतून राहिला. रुचीचा खांदा तिच्या दंडाला घासून गेला, दोन पावलांवर तिने झेल घेतला. प्रेरणाने मूठ वर केली. 'आउट,' ती ओरडली.

पाचव्या डावात मात्र एक चेंडू बॅटला लागून सरळ तिच्या अंगठ्यावर बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली. खेळ थांबवून तिने दोन लांब श्वास घेतले आणि सामना शेवटपर्यंत नेला.

बूट काढला तेव्हा नख काळंनिळं पडलेलं होतं. खुशाल सर खाली बसून पाहत राहिले. आता तुम्ही बसा, दुपारच्या सामन्याला मी उभा राहतो, असं त्यांनी सांगितलं. प्रेरणाने बर्फ मागवला, अंगठ्याला पट्टी बांधली.

"सर, दुपारीही मीच राहीन," ती म्हणाली. आज बसलं तर पुढच्या वर्षी पाय प्लेटकडे वळणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

दोन वाजता सालेकशाच्या मुली मैदानात उतरल्या. प्रेरणा लंगडत प्लेटमागे गेली आणि वाकून उभी राहिली. मग पुढ्यातल्या नव्या कॅचरला तिने विचारलं, "चेंडू मागं उडाला त कोण्या अंगानं वळशीन?"