लाल पिशवीतल्या पत्रिका

इंदूबाई गेली हे कळलं तेव्हा भागोजी गॅसवर खळ शिजवत होता. कागद चिकटवायची साधी मैद्याची खळ. सकाळी म्हसळ्याची एसटी पकडताना तीच सांगून गेली होती. बहिणीच्या नातवाचं नामकरण उरकून संध्याकाळी येते, तोवर पातेलीभर खळ करून ठेवा, आणि हात थांबवू नका, गुठळ्या होतात. म्हणून खिडकीतला फोन वाजला तरी त्याने हात थांबवला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा त्याने डाव्या हाताने फोन उचलला. पलीकडे इंदूबाईचा भाचा विपुल होता. मावशी पाळण्याजवळ बसल्या बसल्या कलंडली, दवाखान्यात नेलं, पण वाटेतच गेली, एवढं त्याने सांगितलं. भागोजीने गॅस बंद केला. चमचा पातेल्यातच राहिला. चार दिवसांनी कुणीतरी ते पातेलं घासायला घेतलं तेव्हा चमचा उपटून काढावा लागला.

इंदूबाईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मुलगा संघर्ष म्हणाला, बाबा, आता कामोठ्याला माझ्याकडे चला. भागोजी म्हणाला, दहावीचा निकाल लागू दे, मग बघू. संघर्षला त्याचा अर्थ कळला.

नागावच्या अलीकडच्या त्या वाडीत इंदूबाई एकतीस वर्षं अंगणवाडीची मदतनीस होती. पोरांना घराघरातून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, शेंबूड पुसायचे. वाडीतलं प्रत्येक पोर तिच्या हातची खिचडी खाऊन मोठं झालं. आणि पोर दहावीला बसलं की निकालानंतर तिच्याकडून त्याला एक कार्ड जायचं, तिने हाताने केलेलं. संघर्ष दहावी झाला त्या वर्षी ती अलिबागला दुकानात कार्ड घ्यायला गेली होती. सोनेरी अक्षरांचं एक उचललं, मागे वळवून किंमत वाचली आणि जागच्या जागी ठेवलं. येताना म्हणाली, "एवढा चांगला कागद आपल्या घरात फुकट पडलाय."

हा कागद म्हणजे लग्नपत्रिका. पत्रिकांची अडचण वाडीत सगळ्यांचीच होती. बौद्धवाड्यातल्या पत्रिकेवर बुद्ध आणि बाबासाहेब, आगऱ्यांच्या पत्रिकेवर गणपती नाहीतर एकवीरा. लग्न झाल्यावर ती कचऱ्यात टाकवत नाही, चुलीतही घालवत नाही. मग लोक इंदूबाईकडे आणून द्यायचे. ती चित्रं नीट कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची, सगळी एकत्र. भागोजी चिडवायचा, डब्यात भांडत न्हाईत ना गं? ती म्हणायची, तुमच्या नळावरच्या बायांपेक्षा बरे राहतात.

उरलेला जाड कागद ती उलटा दुमडायची. कोरी बाजू बाहेर, छापील बाजू आत. आतल्या नावांवर पांढरा कागद चिकटवायचा. वर सुरूच्या झाडाच्या बारीक काड्या, वहीत दाबून वाळवलेलं तगरीचं फूल, कधी किनाऱ्यावरचा नखाएवढा शिंपला. अलीकडे पोरांच्या मोबाइलवर निकालाच्या दिवशी फुलं आणि फुगे उडत असतात. तरी पोरं विचारायची, काकी, माझं कार्ड कधी?

या वर्षी पंधरा पोरं दहावीला होती. भागोजीने ठरवलं, त्यातलं एकही चुकवायचं नाही.

तो निवृत्त झाला होता ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यातून. तीस वर्षं वाडीत पाणी सोडायचं काम केलं. कोणत्या घरात पाणी किती वाजता पोचतं, कुठला नळ गळतो, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. त्या घरांच्या आत काय चाललंय ते इंदूबाईला ठाऊक असायचं. त्याला कधी माहीत करून घ्यायची गरजच पडली नव्हती, घरात ती होती ना.

ट्रंक उघडली तर आत दोन कापडी पिशव्या निघाल्या. पिवळी फुगलेली होती. त्यातल्या पत्रिका कोपऱ्यात दुमडलेल्या, एखादीवर हळदीचा डाग, एखादीवर चहाचा. लाल पिशवीत थोड्याच होत्या, पण सगळ्या अख्ख्या, कोऱ्या करकरीत. भागोजीला वाटलं, चांगला कागद तिने नेमका या वर्षासाठी राखून ठेवला असणार. तिचं शेवटचं वर्ष, म्हणजे कार्डंही देखणी व्हायला हवीत. त्याने लाल पिशवीला हात घातला.

खळ काही त्याला जमली नाही. गुठळ्यांच्या भीतीने त्याने पाणी जास्त घातलं. तरी तीन रात्री बसून त्याने चौदा कार्डं केली. नऊ लाल पिशवीतल्या कागदाची झाली. मग लहान आकाराचा कागद हवा म्हणून पाच पिवळीतली. पांढरा कागद ओला असताना खालची अक्षरं दिसायची, वाळल्यावर दिसेनाशी व्हायची. तेवढ्याने त्याचं समाधान झालं. आत त्याने प्रत्येकात तेच लिहिलं. हार्दिक अभिनंदन. इंदूकाकीकडून.

पंधरावं कार्ड प्राप्तीचं. प्राप्ती गणितात आणि इंग्रजीत नापास झाली होती. तिच्या कार्डात अभिनंदन लिहिता येईना, आणि दुसरं काय लिहायचं ते सुचेना. इंदूबाई नापास पोरालाही कार्ड द्यायची, उलट त्यालाच आधी, पेढे वाटायला सुरुवात होण्याआधी सकाळी. एवढं त्याला माहीत होतं. त्यात ती काय लिहायची ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने चौदा कार्डं वाटली आणि पंधरावं करायचं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पिता पडवीत येऊन उभी राहिली. चार घरं सोडून राहणाऱ्या नीराबाईची ती थोरली मुलगी. लहानपणी इंदूबाईच्या मागेमागे असायची. पनवेलला दिली होती, आठ महिन्यांत माहेरी परत आली, त्याला दोन वर्षं झाली. आता नागावच्या एका होमस्टेचा हिशेब बघते. तिच्या हातात भाऊ ओंकारचं कार्ड होतं.

"काका, खळ पातळ झाली तुमची," ती म्हणाली आणि कार्ड उघडून त्याच्यापुढे धरलं.

पांढरा कागद सुटून लोंबत होता. खाली छापलेलं होतं, मंगल परिणय. त्याखाली, आयुनि. कल्पिता.

भागोजी पायरीवर बसला. नीराबाईने बघितलं का, असं त्याने विचारलं. कल्पिता म्हणाली, तिनेच तर आधी बघितलं, कालपासून स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मग तीही शेजारी बसली.

"ओंकार काय म्हणतो माहितेय? ताई, माझ्या दहावीला तुझं लगीन परत लागलं."

ती हसली, पण पूर्ण नाही.

"मला कसं कळावं बाय," भागोजी म्हणाला. "मी कागद बघितला. नाव न्हाय वाचलं."

तिने लाल पिशवी मागितली. त्याने आणून दिली. मग तिने सांगितलं ते असं. पिवळी पिशवी कापायची. लाल पिशवी विचारून कापायची. ज्यांचं लग्न मोडलं, ज्यांच्यात कुणी एक गेलं, त्यांची पत्रिका काकी पिवळीतून काढून लालमध्ये टाकायच्या. मग त्या माणसाने येऊन स्वतः सांगितलं की काकी, आता कापा, तरच कात्री लावायच्या. कल्पिता माहेरी आल्यावर महिनाभरातच त्यांच्याकडे गेली होती, माझी पत्रिका फाडून टाका म्हणाली होती.

"त्या म्हणाल्या, आज नको. न रडता सांगशील त्या दिवशी कापते."

"मग सांगितलंस?"

"राहून गेलं," कल्पिता म्हणाली.

मग तिने विचारलं, लालमधली अजून कुठे कुठे गेली. कोणत्या रंगाचा कागद कोणत्या घरी गेला ते भागोजीने आठवून आठवून सांगितलं. लालमध्ये कुणाकुणाच्या होत्या हे तिला काकींमुळे माहीत होतं, काय उरलंय ते बघून काय गेलं असेल ते तिने ओळखलं. नऊपैकी चार अशा लोकांच्या होत्या ज्यांना आता वाडीत कुणी ओळखतही नव्हतं. एक तिची स्वतःची. तिचं घर सोडून आणखी चार घरी जावं लागणार होतं.

दुपारी तिने स्वतः खळ केली. थंड पाण्यात मैदा आधी कालवायचा, गॅस नंतर पेटवायचा, हे त्याला तेव्हा कळलं. पिवळ्या पिशवीतून पाच नवी कार्डं केली आणि संध्याकाळी दोघं निघाले. पहिलं ओंकारचं दिलं. नीराबाई दारात आली, कार्ड घेतलं, आणि भागोजीला म्हणाली, "इंदू असती तर असं झालं नसतं." तो म्हणाला, व्हय. पुढच्या तीन घरी पोरांनी जुनं देऊन नवं घेतलं, कशासाठी तेही विचारलं नाही.

शेवटचं घर ठमाबाईचं. तिचा धाकटा मुलगा जीवन दोन वर्षांमागे हायवेवर ट्रकखाली गेला होता, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. यंदा तिची नात, थोरल्या मुलाची हेतल, पास झाली होती, तिला जीवनच्याच पत्रिकेचं कार्ड गेलं होतं. भागोजीने हात जोडून सांगितलं, वहिनी, माझी चूक झाली, ते कार्ड परत द्या.

ठमाबाईने भिंतीकडे बोट केलं. जीवनच्या फोटोशेजारी पत्रिका लावलेली होती. पांढरा कागद तिने बोटाने थोडा थोडा करून सोलून काढला होता. सुरूच्या काड्या तेवढ्या मागच्या बाजूला राहिल्या होत्या.

"राहू दे ती," ती म्हणाली. "माझ्याकडची ओलीत गेली. नाव वाचता येत नव्हतं."

नवं कार्ड तिने हेतलच्या हातात दिलं आणि दोघांना चहा केला. भागोजीने तो चहा संपवला.

परतताना त्याने कल्पिताला विचारलं, नापास पोरांना काय लिहायची गं ती. कल्पिता थांबली. म्हणाली, मी पहिल्यांदा बसले तेव्हा गणितात उडाले होते, माझ्याकडे अजून आहे ते कार्ड. त्यात लिहिलंय, "उद्या अंगणवाडी सुटल्यावर ये. मी चहा ठेवते." एवढंच.

"आणि गेल्यावर?"

"काही बोलल्या नाहीत. खिचडीचे तांदूळ पुढ्यात ठेवले, निवड म्हणाल्या. तासभर दोघी निवडत बसलो. मग म्हणाल्या, फेरपरीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते विचारून ये."

घरी येऊन कल्पिताने दोन्ही पिशव्या नीट लावल्या. ट्रंकेच्या तळाला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक गुलाबी पत्रिका होती, एकपानी, पातळ, कार्ड होण्यासारखी नाही. भागोजी आणि इंदू. कुठे ठेवू, तिने विचारलं. भागोजी म्हणाला, लालमध्ये.

निघताना तिने स्वतःच्या पत्रिकेचं सुटलेलं कार्डही लाल पिशवीत टाकलं.

प्राप्तीचं कार्ड भागोजीने दुसऱ्या दिवशी केलं. पिवळ्या पिशवीतला पांढरट कागद, वर तगरीचं फूल, घट्ट खळीने चिकटवलेलं. कागद सुटला नाही. फेरपरीक्षेच्या फॉर्मची तारीख त्याने शाळेत जाऊन विचारून घेतली. दोन किलो तांदूळ आणून ताटात काढून ठेवले. चहाही त्याने दोनदा करून बघितला, पिण्यासारखा झाला. मग पेन घेऊन बसला. इंदूबाईने चहाला बोलवणं वेगळं. आपण बोलावलं तर पोर येईल का, आली तर आपल्याला गप्प बसता येईल का, हे त्याला ठरवता येईना. इंदूबाईच्या नावाने लिहावं, तर चहा ठेवायला ती नाही.

फॉर्मला अजून चार दिवस आहेत. कार्ड तयार आहे. आत लिहायचं राहिलं आहे.