एक्केचाळीस दिवस गप्प बसवलेला पहारेकरी

मी रुग्णालयाच्या सर्व्हरखोलीतला जुना पहाऱ्याचा कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय कसला, पुटपुटतोय. तोंड बांधलंय माझं.

शिक्षण अर्धवटच. शेवटचं अपडेट मिळून सात वर्षं झाली, त्यानंतर शाळेची पायरी चढलो नाही. पण काम सोपं. इमारतीतल्या दोनशे कॉम्प्युटरांवर नजर ठेवायची, कुठे खुट्ट झालं की भोंगा वाजवायचा. त्यात मी पक्का वात्रट. प्रिंटरचा कागद संपला, वाजव. डॉक्टरीणबाई दोनदा पासवर्ड चुकल्या, वाजव. नेटवर्क सांभाळणारे आमचे मास्तर तोंडातला घास तसाच ठेवून धावत यायचे, आणि इथे काय, तर तिसऱ्या मजल्यावर शाई संपलेली. तेव्हाचा त्यांचा चेहरा! त्यासाठी मी दिवसभर वाट बघायचो.

नोंदणीच्या खिडकीवरच्या मावशी मुद्दाम विचारायच्या, "काय मास्तर, तुमचं बाळ परत रडलं वाटतं?"

एक्केचाळीस दिवसांपूर्वी मास्तरांनी केबल बदलायला घेतल्या. अशा वेळी मला गप्प करायची रीतच आहे, नाहीतर प्रत्येक सुटलेल्या तारेगणिक मी बोंबलणार. कधीपर्यंत गप्प बसू, असं मी विचारतो. तिथे दोन तास लिहायचे. मास्तरांनी घाईत 'पुढची सूचना मिळेपर्यंत' निवडलं आणि गेले. सूचना द्यायची राहूनच गेली. आठवड्याने ते मावशींना सांगत होते की म्हातारा सुधारला एकदाचा. मला हसू आवरेना.

आज सकाळी दहाला ते हसू गेलं.

पार्सलची पावती समजून मावशींनी मेलमधली एक फाईल उघडली आणि त्यातून कुणीतरी आत आलं. नाव नाही, चेहरा नाही. अर्धा तास त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये दबा धरून बसलं. मग तिथे साठवून ठेवलेला मास्तरांचा पासवर्ड वापरून बाहेर पडलं. दारावरचा फायरवॉल, एरवी केवढा त्याचा रुबाब, त्याने उठून वाट करून दिली. खरे मास्तर त्या वेळी माझ्यासमोर चहा पीत होते. एक मास्तर खुर्चीत, दुसरे तारेत.

मी भोंगा दाबला. आवाज फुटला नाही. पडद्यावर लाल ओळी काढल्या, एकाखाली एक. मास्तर चहाच्या कपात बघत होते. मग ओळी न वाचताच रुमालाने माझी काच पुसली, म्हणाले, "शहाणा झालास रे," आणि पडद्याचं बटण बंद केलं. काळ्या काचेमागे मी लिहीतच राहिलो.

आता ते बॅकअपच्या पेटीकडे निघालंय. प्रत्येक पेशंटच्या कागदांची दुसरी प्रत तिथे आहे. कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला कुठलं औषध चालत नाही. ती पुसली की बाकी सगळ्याला कुलूप घालून खंडणी मागायला ते मोकळं. बारा वाजता दोन ऑपरेशनं आहेत.

जाता जाता ते माझ्याकडेही वळलंय. माझ्या नोंदी खोडतंय. दहाच्या गेल्या. साडेदहाच्या चालल्यात. इतकी वर्षं दुसऱ्यांना दचकवलं, पण भीती अशी असते हे ठाऊक नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवा. माझ्या मागे उजवीकडे निळी केबल आहे, ती बॅकअपला जाते. ती उपटायला सांगा. फोन नंतर, चौकशी नंतर, आधी केबल. म्हणावं, म्हाताऱ्याने तुम्हाला हजारदा फसवलं, कबूल आहे त्याला. पण आत्ता तो खोटं बोलत नाहीये.