पंचाहत्तर फूट

प्रेरणाने भिंतीवर तळहात आपटला, चष्मा कपाळावर सरकवला आणि धापा टाकत वर पाहिलं. काठावर उकिडव्या बसलेल्या हनुमानने स्टॉपवॉच तिच्यासमोर धरलं.

“तेहतीस नऊ.”

“परत सांगा.”

“तेहतीस नऊ, मॅडम. बघा की.”

तिने आकडा पाहिला आणि हसून पाण्यात मागे रेलली. पन्नास मीटर, तेहतीस पूर्णांक नऊ सेकंद. गेल्या वर्षी राज्याच्या मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, स्पर्धेत तिच्या वयोगटात तिसऱ्या आलेल्या बाईला चौतीस दोन लागले होते. हा आकडा प्रेरणाला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता, आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. हनुमानला आनंद व्हायला हवा होता. तो घड्याळ शून्यावर आणत राहिला.

पैठण रस्त्यावर चितेगावच्या अलीकडे एका मंगल कार्यालयाच्या मागे हा तलाव होता. लग्नाच्या तिथी सोडल्या तर तिकडे कुणी फिरकत नसे. हनुमान वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस होता. पहिली पाळी सुटली की बजाजनगरच्या खोलीवर न जाता तो मोटरसायकल थेट इकडे काढायचा. खोलीवर जाऊन करायचं काय? बायको गावाकडे, अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या उशाशी. रोज रात्री आठला तिचा फोन यायचा. आईची औषधं आणि शेरडांची खुशाली सांगून झाली की दोघंही गप्प व्हायची. विहिरीत पोहायला शिकलेला हा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस तीन वर्षं या तलावात एकटाच पोहत होता. गेल्या पावसाळ्यात जवळच्या कॉलेजात शिकवणारी प्रेरणा इथे आली.

वेगाचा सराव हा प्रकार बाहेरच्याला वेडगळ वाटावा असा असतो. त्यात पोहणं थोडं आणि थांबणं फार. एक फेरी जीव तोडून मारायची, पंधरा-सोळा सेकंदांची. मग दोन मिनिटं भिंतीला धरून नुसतं उभं राहायचं. असं आठ वेळा. दम पुरता भरला नाही तर पुढची फेरी सुस्त होते आणि सुस्त फेऱ्यांनी माणूस फक्त दमतो, वेगवान होत नाही. एकट्याला ते पंधरा सेकंद कधीच जड गेले नव्हते, जड जायची ती दोन मिनिटं. पहिली तीन वर्षं हनुमान त्या वेळात समोरच्या भिंतीच्या फरश्या मोजायचा. प्रेरणा आल्यापासून दोन मिनिटं अपुरी पडू लागली. ती कॉलेजातल्या गमती सांगायची, त्याच्या हाताची चूक दाखवायची, एकदा तर तिने त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं. सखूबाई, त्याने सांगितलं. बजाजनगरात एकोणीस वर्षं काढली, पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीत तलाव रिकामा करून घासायला काढला, तेव्हा राखणदार कडुबा हातात खराटा घेऊन सहज बोलून गेला.

“पंचाहत्तर फूट हाय बरं का. माझ्यासमोर खांदलाय. तवा मीटर कुणाला म्हाईत व्हतं?”

हनुमानने दुसऱ्याच दिवशी टेप आणली. पंचाहत्तर फूट म्हणजे बावीस मीटर शहाऐंशी. पंचवीसला दोन मीटरांहून जास्त कमी, जाऊन-येऊन सव्वाचार. कारखान्यात केसाच्या जाडीइतकी चूक असलेला तुकडा परत पाठवणाऱ्या या माणसाने तीन वर्षं ज्या पाण्यात हातपाय मारले, ते कधी मोजलं नव्हतं. तलाव म्हटला की पंचवीसचाच, असं धरून चालला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हे प्रेरणाला सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं की ती इथे कशाला थांबेल? मग त्याने म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. डिसेंबरात शहरातल्या मोठ्या तलावावरच्या प्रशिक्षकाचा तिला निरोप आला, पाच जणांच्या गटात एक जागा आहे म्हणून. तिने भिंतीला धरून हनुमानलाच विचारलं होतं, जाऊ का? आणि हनुमान म्हणाला होता, “हितं टायमिंग उतरायलंय ना, मग कशाला जायलात?” तिने ती जागा सोडली. त्या रात्री त्याला झोप आली नव्हती. दुसऱ्या दिवशी चार वाजता मात्र तो वेळेच्या आधीच हजर होता.

आता ती काठावर येऊन टॉवेल गुंडाळत होती. पिशवीतून तिने पेढ्यांचा पुडा काढला.

“चौतीसच्या खाली आले की द्यायचे, असं ठरवून कालच आणले होते. घ्या.”

त्याने एक पेढा घेतला.

“बाबा येणारेत स्पर्धेला,” ती म्हणाली. “बारावीत ज्यांनी माझं पोहणं बंद केलं, तेच. मुलीच्या जातीला हे शोभत नाही म्हणाले होते. काल फोन करून सांगितलं त्यांना, तिसरी तरी येणारच. तर म्हणाले, बघायला येतो.”

हनुमानच्या तोंडात पेढा तसाच राहिला. तो कसाबसा गिळून तो म्हणाला, “मॅडम, एक सांगायचं व्हतं. हा तलाव पंचवीस मीटर नाय.”

ती आधी हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली.

“कमी हाय. दोन मीटरच्या वर. कडुबा म्हणला.”

“मोजू या.”

टेप त्याच्या पिशवीतच होती. त्याने ती बाहेर काढली, तेव्हा प्रेरणाने क्षणभर टेपकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. एक टोक धरून ती या भिंतीशी बसली, तो त्या भिंतीशी गेला. बावीस शहाऐंशी. तिने मनातल्या मनात हिशोब केला, टेपनेच सव्वाचार मीटर मोजून काठावर आपली चप्पल ठेवली.

“जाऊन, येऊन, परत वळून इथपर्यंत. म्हणजे पन्नास पुरे. तुम्ही चपलेपाशी उभे राहा.”

ती झेपावली. हनुमान घड्याळ घेऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा वळून ती चपलेसमोर आली तेव्हा त्याने बटण दाबलं. आकडा पाहताच एक सेकंद कमी सांगावा असं त्याच्या मनात आलं.

“सदतीस चार,” तो म्हणाला.

ती काठालगतच्या पन्हाळीला धरून राहिली. श्वास बसल्यावर म्हणाली, “दमलेय म्हणून धरलं तरी सदतीस. सातवी-आठवी येईन.” मग चष्मा काढत, “बरं झालं सांगितलंत. तिथे बाबांसमोर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.”

हनुमानला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ती वर आली, ओल्या अंगावरच सलवार-कुर्ता चढवला आणि हात पुढे केला.

“द्या घड्याळ. तुमचाही खरा वेळ कळू द्या.”

तो काठावर जाऊन वाकला. पायाची बोटं कडेला अडकवली.

“भाऊ,” ती मागून म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. “कडुबाने कधी सांगितलं तुम्हाला?”

काल, असं म्हणता आलं असतं. कडुबा काही सांगायला येणार नव्हता.

“दिवाळीत,” हनुमान म्हणाला. त्याने मान वळवली नाही.

तो तसाच वाकून राहिला, पाण्याकडे बघत.

“तयार,” ती म्हणाली. “जा.”

तो असा पोहला की तसा कधीच पोहला नव्हता. पहिली भिंत, दुसरी भिंत, छातीत आग, आणि मग ते शेवटचे सव्वाचार मीटर, जे त्याने तीन वर्षांत एकदाही पोहले नव्हते. पन्हाळीला हात लावून त्याने डोकं वर काढलं आणि सवयीने विचारलं, “किती?”

काठावर चप्पल नव्हती. तिच्या जागी फरशीवर स्टॉपवॉच ठेवलेलं होतं आणि त्यातले आकडे पळत होते. एकेचाळीस, बेचाळीस. कार्यालयाच्या भिंतीपलीकडे तिची स्कूटर सुरू झाली आणि पैठण रस्त्याच्या आवाजात मिसळून गेली.

हनुमानने बटणाकडे हात नेला नाही. आकडे दोन मिनिटांच्या पुढे गेले, तरी तो पाण्यातच उभा होता.