चार किलो तीनशे ग्रॅम

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी न्हाणीघराबाहेरच्या काट्याने त्र्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम दाखवले. काटेबाई खाली उतरली, आकडा शून्यावर येईपर्यंत थांबली, पुन्हा चढली. त्र्याहत्तर दोनशे. गेल्या मंगळवारपेक्षा एक किलो तीनशे कमी.

दुसऱ्या कुणी आनंदाने घर डोक्यावर घेतलं असतं. काटेबाई तिसऱ्यांदा काट्यावर चढली.

काटेबाई हे नाव तिला बाजाराने दिलेलं. वजनमापे खात्यात ती बावीस वर्षं निरीक्षक होती. दुकानोदुकानी जायचं, खात्याची प्रमाण वजनं तराजूत ठेवायची, खरा निघाला तर शिक्का, खोटा निघाला तर जप्ती. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की अर्ध्या बाजाराला काउंटर पुसायची आठवण व्हायची. प्रत्येक पकडलेला दुकानदार एकच वाक्य म्हणायचा: "काल पडला हो काटा, बाई." एका आठवड्यात दहा काटे पडत असत.

तेरा आठवड्यांपूर्वी तिचं वजन चौऱ्याऐंशी होतं. जिना चढताना गुडघे कुरकुरायचे आणि गोदामाच्या शिडीवर चढायचं म्हटलं की ती खालूनच ओरडून आकडे विचारायची. खात्याच्या डॉक्टरांनी तिला दवाखान्यात दर गुरुवारी बसणाऱ्या आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. मुलगी जेमतेम पंचविशीची, पण बोलायला ठणठणीत.

"काकू, एकच पथ्य. जे तोंडात जाईल ते वहीत जायला हवं. चमचाभर साखरसुद्धा. लोक माझ्याशी नाही, वहीशी खोटं बोलतात."

"माझ्यासमोर लोक रोज खोटं बोलतात," काटेबाई म्हणाली. "मला त्याची हौस नाही."

आणि तिने निळ्या पुठ्ठ्याची वही सुरू केली. लोक 'एक सफरचंद' लिहितात. ती सफरचंद आधी तोलायची, खाऊन झाल्यावर गाभा तोलायची आणि मग लिहायची: सफरचंद १६२, गाभा १९, खाल्लं १४३. चुकलं तर खोडायचं नाही, एक सरळ रेघ आणि बाजूला सही, ऑफिसात असते तशी. नवरा म्हणायचा, "माझा मुका घेतलास तरी वहीत लिहिशील." ती म्हणायची, "वजन करून."

पहिले सहा आठवडे आठवड्याला अर्धा किलो, ठरल्याप्रमाणे. वहीतलं खाणं आणि काट्यावरचा आकडा हातात हात घालून उतरत होते. सातव्या आठवड्यात काट्याने हात सोडला. खाणं तेच, चालणं तेच, आणि वजन दुपटीहून जास्त वेगाने उतरू लागलं. आठव्यातही तसंच.

तेव्हा काटेबाईने तेच केलं जे बावीस वर्षांत तिने कुणाला करू दिलं नव्हतं. तिने काट्याला दोष दिला.

घरचा काटा पिशवीत घालून ती ऑफिसात घेऊन गेली. चाचणीच्या खोलीत शिक्केकाका होते, निवृत्तीला आलेले, खात्यातले सगळे शिक्के त्यांच्या हातचे.

"घरचा काटा? तक्रार कुणाची?"

"माझीच."

"आरोपी?"

"तोच बघायचाय."

काकांनी वीस-वीस किलोची तीन लोखंडी वजनं आणि एक दहाचं, असं सत्तर किलो काट्यावर चढवलं. काट्याने सत्तर दाखवले. वजनं उतरवून पुन्हा ठेवली, पुन्हा सत्तर. मग तिने पर्समधून स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला. तोही एका ग्रॅमला पक्का निघाला.

"दोन्ही पास!" काका म्हणाले. "शिक्का मारू का, बाई? अहो, तोंड का पाडलंत? काटा खरा निघाल्यावर रडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय."

"आणखी एकदा ठेवा, काका."

काकांनी तिसऱ्यांदा वजनं उचलली.

तिच्या आईचं असंच झालं होतं. काटेबाई तेव्हा एकोणीस वर्षांची. आई बारीक होऊ लागली तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "काय हो, लेकीची थोरली बहीण दिसायला लागलात!" आई लाजून हसायची आणि मनगटी घड्याळाच्या पट्ट्याला तापवलेल्या सुईने नवं भोक पाडायची. पाचवं भोक पाडलं त्या महिन्यात तिने अंथरूण धरलं. सहावं पाडायची वेळ आली नाही. काय खात होती, किती खात होती, कधीपासून उतरत होती, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घरात कुणालाच सांगता आलं नव्हतं.

काटेबाईला सांगता येत होतं. ग्रॅमसकट. हीच पंचाईत होती. वहीतली तफावत आहारतज्ज्ञ मुलीने पाहिली असती तर तिने पुढे पाठवलं असतं, पुढच्यांनी रक्त काढलं असतं आणि रक्ताने काहीतरी नाव सांगितलं असतं. ते दोन गुरुवार काटेबाईने कामाचं निमित्त काढून चुकवले होते. वही जुळली तर काही घडलेलंच नसतं.

नवव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी तिने दुसरी वही आणली, तशीच निळी. रात्रीचं जेवण आटोपलं की उलटा हिशेब मांडायचा: एवढं वजन उतरायला आपण किती कमी खायला हवं होतं? तेवढंच लिहायचं. दोन अंडी खाल्ली, एक लिहिलं. ब्रेडचे तीन तुकडे खाल्ले, एकाचं वजन टाकलं. खरी वही कपाटात चादरींच्या तळाशी गेली. काउंटरवर निरीक्षकासाठी एक वजन आणि खाली गिऱ्हाइकासाठी दुसरं ठेवणारे कितीतरी जण तिने पकडले होते. तपासणी चालू असताना असे लोक कधीच खाली पाहत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. चादरींच्या कपाटाकडे पाठ करून ती झोपू लागली.

गुरुवारी मुलगी वही वाचता वाचता गंभीर झाली. "काकू, दिवसाला जेमतेम आठशे कॅलरी? तुम्ही स्वतःला उपाशी मारताय."

"भूकच लागत नाही गं."

"वाढवायचं खाणं. रागावेन हं मी." मग तिने पुन्हा पानं उलटली. "पण लिहिण्याला मानलं तुमच्या. वजनाशी अगदी काट्यावर जुळतंय. अशी वही मी आजवर कुणाची पाहिली नाही."

काटेबाईने वही पिशवीत टाकली. घरी येऊन तिने चार बटाटे उकडले, तोलले, लोणी लावून सगळे खाल्ले आणि तरी भूक राहिलीच. खऱ्या वहीत लिहिलं: बटाटे ५४०, लोणी २२. पुढच्या सकाळी काटा दोनशे ग्रॅम खाली होता.

बाजार मात्र खूश होता. "बाई, माल कमी भरतोय!" धान्यवाला गल्ल्यावरून ओरडायचा. "जप्ती करा स्वतःची!" त्याच्या बायकोला पथ्य काय ते लिहून हवं होतं. काटेबाई हसायची. आईसुद्धा हसायचीच.

तर त्या मंगळवारी, त्र्याहत्तर दोनशेच्या दिवशी, संध्याकाळी ती गणवेशाची पँट घेऊन नवऱ्यापुढे उभी राहिली. नवरा शिंपी. पुढच्या खोलीतच त्याचं मशीन होतं. दोन महिन्यांत त्याने ही पँट दोनदा आत घेतली होती. पहिल्यांदा शीळ घालत, दुसऱ्यांदा न घालता.

त्याने टेप तिच्या कमरेभोवती फिरवली. आकडा बघितला. टेप सैल केली, पुन्हा लावली.

"तूही दोनदा मोजायला लागलास," ती म्हणाली.

"कापणार नाही मी," तो म्हणाला. "नुसती टीप घालतो. उसवता आली पाहिजे."

"उसवायची कशाला? कमीच व्हायचंय ना मला?"

"हे बघ, मला तुझ्यासारखं ग्रॅममध्ये कळत नाही. पण रात्रीचं जेवण मी करतो आणि मीच वाढतो. माझ्या दुप्पट खातेस तू. पातेलं खरवडून खातेस. वर उठून ब्रेड शोधतेस." त्याने तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "त्या पोरीला हे सांगितलंयस?"

ती खाली पडलेली टाचणी उचलायला वाकली.

"सांगितलंयस का, विचारतोय मी."

काटेबाई आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन वह्या होत्या. तिने त्या शिवणाच्या मशीनवर शेजारी शेजारी ठेवल्या, जप्त माल ठेवतात तशा, आणि आज सकाळपर्यंत खाण्याच्या हिशेबाबाहेर किती किलोंचा पत्ता लागत नाही ते सांगितलं. चार किलो तीनशे ग्रॅम.

त्याने दोन्ही वह्यांचं एकच पान उघडलं. बराच वेळ बोटाने ओळी लावत राहिला. "हे तू कुणासाठी लिहीत होतीस?"

"घाबरले रे."

"मग मला कशाला वगळलंस? मी काय घाबरलो नसतो?" तो एवढंच म्हणाला, आणि मशीनचा दिवा बंद करून तिथेच बसून राहिला.

बुधवारी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी खोटी वही बाजूला सारली आणि खरी पहिल्या पानापासून वाचली. एका तारखेवर पेन टेकवलं.

"इथपासून जुळत नाही?"

"हो. एकोणपन्नास दिवस."

"आणि ही दुसरी?"

"पस्तीस दिवस."

डॉक्टरांनी 'पस्तीस' कागदावर लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि त्यावर काही बोलले नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. "साखर असू शकते," ते म्हणाले, "गळ्यातल्या ग्रंथीचं असू शकतं, दोन्हीला औषध आहे. आणखीही काही असू शकतं. नाव आत्ता देत नाही. आईला काय झालं होतं?"

तिने सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द तिने मोठ्याने उच्चारला. नवऱ्याने खुर्ची किंचित जवळ ओढली.

रक्ताच्या दोन नळ्या भरल्या. पोटाचे फोटो काढले. त्या यंत्राखाली श्वास रोखून पडलेली असताना तिला वाटलं, तराजूत ठेवलेल्या वस्तूला असंच वाटत असेल. दुसऱ्या पारड्यात काय टाकलंय ते तिला दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यातून फोन आला. काटेबाई चाचणीच्या खोलीत होती. शिक्केकाकांनी हातातली हातोडी खाली ठेवली.

"साखर व्यवस्थित आहे," पलीकडची बाई म्हणाली. "ग्रंथीचंही व्यवस्थित आहे."

औषध असलेली दोन्ही नावं गेली.

"आणि फोटो?"

"फोटो डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवायला पाठवलेत. सोमवारी दहाला या तुम्ही."

"काय दिसलंय त्यात?"

"ते मला नाही हो सांगता येणार. आणि यजमानांना बरोबर आणा."

काटेबाईने फोन ठेवला. संशय आला की ती स्वतः काटा दुसऱ्या निरीक्षकाकडे पाठवायची. त्यातले काही खरे निघायचे. किती, ते तिने कधी मोजलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"दुसऱ्यांदा तपासतायत."

"तपासू देत," काका म्हणाले, आणि आपल्या डब्यातलं सफरचंद काढून तिच्यापुढे केलं. तिने ते प्रमाण काट्यावर ठेवलं. एकशे एकाहत्तर. खाल्लं. गाभा तेवीस. वहीत लिहिलं. आता वही एकच होती.

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नवरा काट्याशेजारी उभा होता. आकडा त्यानेच वाचला. बहात्तर किलो सातशे ग्रॅम.