धाकट्याच्या मोटरचं शेपूट

माझ्या धाकट्या भावाने मोटरला शेपूट लावलं, त्याच दिवशी बाबा माझ्या बोटीतून उठून त्याच्या बोटीत जाऊन बसले. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

शेपूट हे माझं नाव. तो त्याला हायड्रोफॉइल म्हणतो. काळ्या प्लास्टिकची, दोन्ही बाजूंना पसरलेली पट्टी. मोटरच्या खालच्या टोकाला, प्रॉपेलरच्या वर एक आडवी पाती असते, तिला ती बोल्टने बसवायची. बोट वेगात निघाली की पाणी या पट्टीला खालून उचलतं, मग मागचा भाग वर येतो आणि बोटीचं नाक खाली जातं. हे त्याने धक्क्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा समजावलं, की मलाही पाठ झालं.

आमचा दोघांचा धंदा एकच. सकाळी कागद गिरणीच्या कामगारांना नदीपलीकडे सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. गिरणीचे ओंडके पाण्यातूनच येतात आणि त्यातला एखादा सुटून भलतीकडेच तरंगत असतो. म्हणून नऊ वर्षं बाबा माझ्या बोटीच्या नाकाशी निळ्या उशीवर बसायचे आणि ओंडका दिसला की हात वर करायचे. बोलायचे फारसे नाहीत. माझं काही चुकलं तर मान न वळवता म्हणायचे, "कुठं लक्ष आहे?" त्यांची स्वतःची मोटर त्यांनी मला दिली, धाकट्याला नाही. मी हे कुणाला बोलून दाखवत नाही, पण रोज सकाळी तिचं झाकण पुसताना आठवतंच.

आणि आता ती उशी त्याच्या बोटीत होती.

"बघू तरी, काय करतंय ते," एवढंच म्हणून गेले होते. एक दिवस मी समजू शकते. पण तीन आठवडे?

त्यात गिरणीच्या मुकादमबाई. एकदा उतरता उतरता म्हणाल्या, "तुझ्या भावाची बोट आता नाक वर करत नाही गं. तुझीच हल्ली फार करते. मागच्या बाकावर आमचे पाय भिजतात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाई खोटं बोलत नव्हत्या. माझी बोट निघताना खरंच आभाळाकडे बघायला लागली होती, आणि पूर्वी ती तसं करत नव्हती. मी म्हटलं, मोटर म्हातारी झाली. म्हणजे त्याच्याकडे नवं शेपूट, वर बाबा, आणि माझ्याकडे म्हातारी मोटर. जळफळाट कशाला म्हणतात ते मला विचारा.

मग मीही तसलंच शेपूट आणलं. बाबा जेवायला घरी गेलेले पाहून मोटर वर उचलली आणि तिच्या पातीला चार भोकं पाडली. पहिल्या भोकाआधी तिचं झाकण पुन्हा एकदा पुसलं. तरी चारही पाडली.

फरक पडला, नाही असं नाही. नाक एक-दोन सेकंद आधी खाली येऊ लागलं. पण पूर्ण वेगात वळताना मोटर वळवायचा दांडा हाताला ओढायला लागला, आणि मागच्या बाकावरचे पाय भिजायचे ते भिजतच राहिले.

तेव्हा मी धाकट्याला म्हटलं, "गिरणीच्या सुट्टीला दोघांच्या रिकाम्या बोटी काढू. बाबा धक्क्यावरून बघतील कुणाची चांगली चालते." माझं गणित सरळ होतं. मी जिंकले की उशी परत.

"चालेल की, ताई," तो हसत म्हणाला. त्याला काय, शेपटावर भारी विश्वास.

दोघं एकदमच निघालो. माझ्या बोटीने नाक वर केलं. मी दात-ओठ खात शेजारी पाहिलं, तर त्याच्याही बोटीचं नाक वर! धाकटा अर्धवट उभा राहून, मान लांब करून पुढचं बघायची धडपड करत होता.

"ताई, माझ्या बोटीला काय झालं गं?" तो ओरडला.

मी त्याच्या बोटीत पाहिलं. पुढे निळी उशी होती, उशीवर कुणी नव्हतं. मग मागे धक्क्याकडे पाहिलं. तिथे ऐंशी किलोचे आमचे बाबा उभे होते. आणि आम्ही तीन आठवडे किलोभर प्लास्टिकला डोक्यावर घेऊन नाचत होतो.

परत आलो, तर बाबा माझ्या मोटरवर वाकले. भोकांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"ही कधी पाडलीस?"

"तुम्ही तिकडे बसायला लागलात, त्यानंतर," मी म्हणाले. "तुम्हाला ठाऊक होतं ना, बोट कशानं सुधारली ते?"

"पहिल्याच दिवशी कळलं. थोडं शेपूट, बाकी मी."

"मग सांगितलं का नाही?"

"तो खूश होता. शिवाय नाक वर गेलं की त्याला पुढचं दिसत नाही. शेपूट लावायच्या आधी एका ओंडक्याला घासून आला होता, तुला बोलला नाही तो. तुझं काय, मी नसलो तरी तुला दिसतं."

ही शाबासकी होती. नऊ वर्षांतली पहिली. ती त्यांना तिथल्या तिथे परत द्यावीशी वाटली.

"मला दिसतं म्हणून मी एकटीने जायचं?" माझा आवाज चढला. "मला ओंडके दाखवायला नको आहात तुम्ही. मला तुम्ही पुढे बसलेले हवे आहात."

बाबांचा अंगठा अजून भोकावरच होता. "मग भोकं पाडण्याआधी एवढंच म्हणायचं होतंस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी धक्क्यावर गेले. वीस-वीस लिटरचे चार कॅन पाण्याने भरले, धाकट्याच्या बोटीच्या नाकाशी दोराने करकचून बांधले आणि तिथली निळी उशी उचलून आणली. बाबांनी गाठी ओढून पाहिल्या, मान हलवली.

"हे काय गं, ताई?" धाकट्याने विचारलं.

"तुझे ऐंशी किलो," मी म्हटलं. "एक किलोही कमी नाही."

बाबा माझ्या बोटीत चढले. कामगार बसले, मी मोटर सुरू केली, आणि बोट नाक न उचलता निघाली. मागून धाकट्याचीही सरळ येत होती.

थोडं पुढे गेल्यावर बाबांनी हात वर केला. मी दांडा वळवायला क्षणभर उशीर केला.

"कुठं लक्ष आहे?" ते मान न वळवता म्हणाले.

त्यांच्याकडेच होतं.