मागची बाजू कोरी

बाबा गेल्यावर त्यांच्या चष्म्याच्या डबीत एक नोट सापडली. पुढून नीट छापलेली, मागून कोरी. बसचालक असलेल्या भावाने ती उलटसुलट केली.

"खेळण्यातली असेल," तो म्हणाला.

त्याची ताई इस्पितळात परिचारिका. तिने कागद बोटांत चोळला. "खेळण्यातल्या नोटेचा कागद असा असतो होय?"

दोघं जुन्या नोटांच्या एका दुकानात गेली. दुकानदाराने नोट पाहताक्षणी ताईच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी किंमत सांगितली, वर चहा मागवला. भावाच्या मनात पाल चुकचुकली.

"एवढा पाहुणचार? हा आपल्याला गंडवतोय," तो कुजबुजला. चहा अर्धा टाकून दोघं उठली.

दुसऱ्या दुकानदाराने नोट भिंगाखाली धरली आणि तोंड वाकडं केलं. "मागची छपाई कुणीतरी रसायनाने धुऊन काढलीय. फुकट दिलीत तरी नको."

घरी येईपर्यंत दोघांची डोकी पार भंजाळली. ताईला वाटलं, नोट चुरगळलेली आहे म्हणून कुणाला धड कळत नसेल. तिने वर रुमाल ठेवून हलक्या हाताने इस्त्री फिरवली. नोट अगदी नवीकोरी दिसू लागली.

"आता कशी शोभतेय!" भाऊ खूश झाला.

तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांनी मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला, नोट दिव्यापाशी तिरकी धरली.

"खरी आहे. मागची बाजू छापायचीच राहून गेली. धुतलेली असती तर शाईचा पुसट माग राहिला असता."

भावाने ताईला आनंदाने कोपर मारलं.

"पण हिला इस्त्री कुणी केली?"

"मी," ताई म्हणाली. "चुकलं का?"

"सुरकुत्या चालल्या असत्या हो. पुढची उठावाची छपाई बोटाला लागायला हवी, ती सपाट झाली. आता मूळ किमतीचा फार तर तिसरा हिस्सा येईल."

"एक दुकानदार हिच्या तीन पगारांएवढी किंमत देत होता. म्हणजे तो खरं बोलत होता?" भावाने विचारलं.

"असेलही. त्याच्या मनातलं मी काय सांगू?"



"बाबांना हिची किंमत कळली असेल का गं?" भाऊ म्हणाला. "की कुठे चालली नाही म्हणून ओशाळून ठेवून दिली?"

"ते कधी काही बोलले का आपल्याशी?" ताई म्हणाली.

भावाचं मन मागेपुढे होत होतं, पण ताईने नोट बाईंपुढे सरकवली. आणखी चार दुकानं फिरायची तिची छाती नव्हती. बाईंनी पैसे दिले. बाहेर येऊन दोघांनी ते वाटून घेतले. भावाला हसू येत होतं, ताईचे डोळे भरले होते, आणि आपण कमावलं की घालवलं, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.