पेंडीची बादली

कास्का गोऱ्हा घरी आला तेव्हा नुसता फासळ्यांचा सांगाडा होता. कपाळावर पांढरा पट्टा आणि पुढे लोंबतं पोट! कामशातचे आजोबा, म्हणजे अता, त्याला काड आणि जवाचा भरडा घालत. गोऱ्हा आडवा सुटला, पण अंगानं काही वाढेना.

"अता, जवानं नुसती चरबी चढते. अंग धरायला पेंड हवी," कामशात म्हणाली. शाळेत शिकली होती, मग गप्प कशी बसेल!

"वाढवशील गं बाई," अता हसले. "मग त्याला धरायला तुझी मास्तरीण येणार का?"

तरी त्यांनी सूर्यफुलाची पेंड आणलीच. दादाच्या लग्नाच्या मेजवानीला कापायला कास्का भरलेला हवा होता. आणि काय भरला! हिवाळा सरता सरता त्याची मान कुठं संपते नि खांदा कुठं सुरू होतो, तेच कळेना. कामशात गावभर मिरवत होती. गळ्यातलं दावं मात्र तेच राहिलं, लहानपणीचं.

त्या सकाळी ती पेंडीची बादली घेऊन गुरांच्या वाडग्याशी आली आणि जागीच थिजली. दावं तुटून खुंट्याला लोंबत होतं. शेण ओढताना अता बर्फावरून घसरून पडले होते, दाताळं दूर उडालेलं. आणि समोर कास्का, डोकं खाली घालून खुरानं जमीन उकरत.

"आत येऊ नकोस, पोरी," अता हळूच म्हणाले. "दादाला हाक मार."

दादा तर घोडे घेऊन टेकडीपलीकडे गेला होता! कास्का एक पाऊल पुढं सरकला. ती मान, ते खांदे... तिनंच ओंजळ ओंजळ करून वाढवलेले.

तिनं बादली कुंपणावर आपटली. कास्काचा कान हलला. पुन्हा आपटली. वास त्याच्या नाकात शिरला आणि तो वळला, थेट तिच्यावर धावून आला! कुंपणाच्या फळ्या करकरल्या. तिनं सगळी पेंड कुंपणावरून गव्हाणीत ओतली.

"अता, निघा ना!"

अता कोपरांवर सरपटत फाटकाबाहेर गेले. कडी लागली.

"मास्तरीण नाही आली गं," ते धापा टाकत म्हणाले.

कामशातला हसू आलं नाही. "कास्का," तिनं रोजच्यासारखी हाक मारली. गव्हाण चाटून त्यानं डोकं वर केलं. तिच्याकडे नाही, बादलीकडे पाहिलं.

बादली रिकामी होती. फळी पुन्हा करकरली.